अंड्यातल्या पिल्लाला लस कशासाठी?

लांजा तालुक्यातील एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. घरामागच्या मांगरात त्याने शंभर पिल्लांची शेड घातली आहे. शिवाय आईच्या दहा-बारा गावठी कोंबड्या अंगणात आहेतच. मोबाईलवर त्याने परदेशातल्या एका उबवणी केंद्राची चित्रफीत पाहिली. ट्रेमध्ये मांडलेली अंडी यंत्राखाली सरकतात, वरून सुयांची एक रांग खाली येते, प्रत्येक अंड्याला टोचते आणि पुन्हा वर जाते. त्याने तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला, ही कोणत्या रोगाची लस आहे आणि ती अंड्यातच का देतात? दुसरा, आमच्या खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली आहेत, सिरिंज आणून मीही त्यांना लस टोचू का? तिसरा प्रश्न आईचा आहे. अशी सुई टोचलेली अंडी बाजारात येतात का, आणि ती खाल्ल्याने माणसाला काही होते का?

दुसऱ्या प्रश्नाला घाई आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. नको, मुळीच टोचू नका. घरी अंड्याला भोक पाडले की त्यातून हवेतले जंतू आणि बुरशी आत शिरते. अंडे सडते, आणि सडलेले एक अंडे फुटले तर शेजारची अंडीही बिघडतात. कोंबडीला तिचे काम करू द्या. आपले काम पिल्लू बाहेर आल्यावर सुरू होते. ते काम कोणते, हे लेखाच्या शेवटी सांगतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. माझी सारी नोकरी या जिल्ह्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत गेली. कोंबड्यांना लस देण्यात मी स्वतः एक चूक केलेली आहे. तीही आज सांगणार आहे, कारण या विषयाचे मर्म मला पुस्तकापेक्षा त्या चुकीनेच अधिक शिकवले.

रोग कोणता?

अंड्यातल्या लसीचा उपयोग सर्वप्रथम ज्या रोगासाठी झाला, त्याचे नाव मरेक्स. हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मरेक यांनी १९०७ साली चार कोंबड्यांचे वर्णन लिहून ठेवले. त्यांचे पाय आणि पंख लुळे पडले होते. पुढे या रोगाला त्यांचेच नाव मिळाले. रोग विषाणूमुळे होतो, हे १९६७ साली सिद्ध झाले. माणसाला कांजिण्या ज्या कुळातल्या विषाणूमुळे होतात, त्याच नागीण कुळातला हा विषाणू आहे.

मरेक्स झालेली तलंग ओळखणे फार अवघड नसते. एक पाय पुढे आणि एक पाय मागे ताणून ती जमिनीवर पडलेली दिसते. पंख गळतो. कधी डोळ्याचे बुबुळ राखाडी होते आणि दिसेनासे होते. काही पक्ष्यांत बाहेरून काहीच कळत नाही. नुसते वजन घटत जाते. मेल्यावर उघडून पाहिले तर यकृत, प्लीहा, अंडाशय यांत पांढुरक्या गाठी सापडतात. या गाठी म्हणजे कर्करोग होय. विषाणू शरीरातल्या पांढऱ्या पेशी बिघडवतो आणि त्या बेसुमार वाढू लागतात.

या रोगाची खोड अशी की तो आईकडून अंड्यात येत नाही. पिल्लू निरोगीच जन्मते. रोग त्याला मिळतो तो हवेतून. आजारी किंवा रोग बाळगून असलेल्या कोंबडीच्या पिसांच्या मुळांशी विषाणू तयार होतो. पिसांचा कोंडा झडतो, त्याची धूळ होते, आणि ती धूळ शेडमध्ये कित्येक महिने जिवंत विषाणू धरून बसते. पिल्लू शेडमध्ये सोडले की पहिल्याच दिवशी श्वासाबरोबर ही धूळ आत घेते. गाठी किंवा लुळेपणा मात्र दिसतो काही आठवड्यांनी, बहुधा तिसऱ्या महिन्यानंतर, म्हणजे तलंग अंड्यावर येण्याच्या सुमारास. तोवर खाद्याचा सारा खर्च होऊन गेलेला असतो.

टर्कीच्या विषाणूने कोंबडीची राखण

या रोगावर लस कशी मिळाली, ती गोष्ट ऐकण्याजोगी आहे. १७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीची लस माणसाला देऊन माणसाच्या देवीपासून बचाव केला, हे आपण शाळेत वाचले आहे. तसेच इथे घडले. टर्की नावाच्या पक्ष्यात मरेक्सच्या विषाणूचा एक निरुपद्रवी भाऊबंद सापडला. तो कोंबडीच्या अंगात राहतो, पण तिला आजारी पाडत नाही. उलट तिच्या शरीराला मरेक्सची ओळख करून देतो. अमेरिकेतील सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेली ही लस १९७० च्या सुमारास वापरात आली. कोणत्याही प्राण्यातील कर्करोगाला यशस्वीपणे रोखणारी आणि सर्रास वापरली गेलेली ही पहिली लस.

माणसांच्या बाबतीतही आता असे घडले आहे. कावीळ ‘ब’ची लस यकृताच्या कर्करोगापासून वाचवते. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली बाजारात आणली. या वाटेने कोंबडी माणसाच्या पुढे गेलेली आहे, एवढे लक्षात ठेवावे.

मग अंड्यातच का?

लस टोचली म्हणजे त्याच क्षणी संरक्षण मिळाले, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. लस म्हणजे शरीराला दिलेला धडा. तो शिकायला शरीराला वेळ लागतो. मरेक्सच्या लसीला साधारण एक आठवडा लागतो. आता हिशेब करा. पिल्लू पहिल्या दिवशी अंड्यातून निघाले, त्याच दिवशी मानेच्या कातडीखाली लस दिली, आणि दुसऱ्या दिवशी ते जुन्या शेडमधल्या धुळीत गेले. रोग आणि लस यांची शर्यत सुरू झाली. रोग जर पहिल्या दोन-तीन दिवसांतच अंगात शिरला, तर लस मागे पडते.

ही शर्यत आधीच सुरू करता येईल का, हा प्रश्न शर्मा आणि बर्मेस्टर या दोन शास्त्रज्ञांनी हाती घेतला. त्यांनी उबवणीच्या अठराव्या दिवशी अंड्यातल्या पिल्लालाच लस दिली. पिल्ले निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांना मुद्दाम मरेक्सच्या विषाणूशी गाठ घालून दिली. जन्मल्यावर लस दिलेल्या पिल्लांपेक्षा ही पिल्ले कितीतरी अधिक संख्येने वाचली. हे निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर दहाएक वर्षांत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस, अंड्यांना लस टोचणारी यंत्रे अमेरिकेत उबवणी केंद्रांमध्ये बसू लागली. आज तिथल्या बहुतेक सगळ्या ब्रॉयलर पिल्लांना लस अंड्यातच मिळते.

अंड्यातल्या पिल्लाला लसीचा धडा कळतो कसा, असे कोणी विचारील. अठराव्या दिवशी पिल्लू जवळजवळ पूर्ण झालेले असते. चोच, पिसे, नखे सगळे असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी घडवणारी इंद्रियेही तयार झालेली असतात. त्यांपैकी एक आहे गुदद्वाराच्या वरच्या बाजूला असलेली छोटी पिशवी. शास्त्रात तिला ‘बर्सा’ म्हणतात. हिचे काम काय, हे १९५६ पर्यंत कोणाला नीट ठाऊक नव्हते. त्या वर्षी ब्रूस ग्लिक यांनी दाखवून दिले की ही पिशवी लहानपणीच काढून टाकली तर कोंबडीच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होत नाहीत. माणसाच्या रक्तातल्या ज्या पेशींना डॉक्टर ‘बी पेशी’ म्हणतात, त्यांतला ‘बी’ या बर्सावरूनच आला आहे.

अठरावा दिवस

कोंबडीचे अंडे एकवीस दिवसांत उबते, हे आपल्या घरोघरच्या बायांना सांगायला नको. उबवणी केंद्रात पहिले अठरा दिवस अंडी एका यंत्रात असतात. तिथे सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता असते आणि अंडी ठरावीक वेळाने फिरवली जातात. अठराव्या दिवशी ती दुसऱ्या यंत्रात हलवतात. तिथे फिरवणे बंद होते आणि पिल्ले निघतात. खुडूक कोंबडीही शेवटचे तीन दिवस अंडी फारशी हलवत नाही, घट्ट बसून राहते. म्हणूनच त्या दिवसांत तिला उठवू नये, असे जुन्या बायका सांगतात.

अंडी एका यंत्रातून दुसऱ्यात जात असतानाच लस दिली जाते. उजेड दाखवून भाकड आणि मेलेली अंडी आधी काढून टाकतात. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते, त्या बाजूने यंत्र आधी कवचाला बारीक भोक पाडते. मग त्या भोकातून बारीक सुई आत जाते आणि पिल्लाभोवतीच्या पाण्यात लसीचा अगदी छोटा डोस सोडते. तो एका मिलिलीटरचा विसावा भाग असतो. जन्मण्याआधी पिल्लू ते पाणी गिळते, श्वासाबरोबर आत घेते, आणि त्याबरोबर लसही त्याच्या अंगात जाते. प्रत्येक अंड्यानंतर सुई निर्जंतुक होते. एका तासात हजारो अंडी अशी हातावेगळी होतात. हाताने टोचताना एखादे पिल्लू सुटते, एखाद्याच्या पिसांतच लस जाते. इथे तशी चूक कमी होते आणि नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला पकडून हाताळावेही लागत नाही.

पण या कामात वेळ फार नेमकी साधावी लागते. फार लवकर टोचले तर पिल्लू मरते किंवा लस लागू पडत नाही. शिवाय उबवणी केंद्र अत्यंत स्वच्छ हवे, नाहीतर त्याच भोकातून बुरशी जाते. मरेक्सची उत्तम लस द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते आणि पातळ केल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. हे मांगरात जमणारे काम नव्हे. मोठे उबवणी केंद्र, महागडे यंत्र आणि शिकलेली माणसे असतील तिथेच ते शोभते. आपल्याकडे बहुतेक उबवणी केंद्रे पहिल्या दिवशी मानेच्या कातडीखाली ०.२ मिलिलीटर लस टोचूनच पिल्ले बाहेर पाठवतात. ती पद्धतही चांगली आहे, मात्र त्या पिल्लांना पहिला आठवडा धुळीपासून जपायला हवे.

म्हणून पत्रलेखकाला दोन सूचना. एक, पिल्ले विकत घेताना ‘मरेक्सची लस दिली आहे का’ हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. अंड्यांसाठी पक्षी पाळणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. दोन, नवी पिल्ले आणण्याआधी जुने तूस, भुसा, पिसे, कोळिष्टके सगळे काढून शेड धुवा, चुना मारा आणि दोनेक आठवडे रिकामी ठेवा.

याला जोडून आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. मरेक्सची लस गाठी रोखते, पण विषाणूला अंगात शिरण्यापासून पूर्णपणे थांबवत नाही. लस घेतलेला पक्षी स्वतः धडधाकट राहूनही धुळीतून विषाणू पसरवू शकतो. २०१५ साली अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून हे स्पष्ट दाखवले. याचा अर्थ लस वाईट असा नव्हे. याचा अर्थ असा की उबवणी केंद्राची लसवंत पिल्ले आणि घरच्या कोंबडीखाली निघालेली बिनलसीची पिल्ले एका खुराड्यात ठेवू नयेत. निदान पहिले काही आठवडे तरी दोघांची जागा, भांडी आणि तूस वेगळे असावे.

माझी चूक

आता मी कबूल केलेली गोष्ट. १९९४ सालचा मे महिना होता. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत मानमोडीची लस द्यायला निघालो होतो. मानमोडी म्हणजे शास्त्रातला राणीखेत रोग. मिरकरवाड्यातून बर्फ घेतला, थर्मासात भरला, मध्ये लसीच्या बाटल्या ठेवल्या. वाटेत एका ओळखीच्या घरी जेवणाचा आग्रह झाला. मी थांबलो. थर्मास पडवीत ठेवला होता. जेवण झाले, गप्पा झाल्या, आणि ऊन कधी पडवीत उतरले ते कळले नाही. वाडीत पोहोचून झाकण उघडले तेव्हा बर्फाचे पाणी झाले होते आणि ते पाणी कोमट होते.

मला तेव्हाच परत फिरायला हवे होते. पण वीस घरच्या बाया पिल्ले डालग्याखाली झाकून वाट पाहत बसल्या होत्या. रिकाम्या हाताने परत जायची लाज वाटली. मनाशी म्हटले, थोडी तरी लागू पडेल. आणि मी थेंब घातले.

पंधरा दिवस झाले असतील, वाडीत मानमोडी आली. हिरवी हगवण, घशातली घरघर, मग मान पिळवटून उलटी. तिसऱ्या दिवशी एक आजी दवाखान्यात आल्या. तेवीस कोंबड्यांपैकी दोन उरल्या होत्या. नातवाच्या शाळेचे कपडे आणि वह्या त्या दरवर्षी अंड्यांच्या पैशांतून घेत. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “डाक्टर, तुमी तं थेंब घातलाव. मग माजी कोंबडी का मेली?”

मी त्यांना खरे सांगितले. ते सांगताना मान वर करता आली नाही. पण खरे नुकसान कोंबड्यांपुरतेच नव्हते. त्या वाडीने पुढची चार वर्षे लस घेतली नाही. ‘लस देऊनही मरतात’ हा समज मी माझ्या हाताने पेरला होता. लस मेलेली होती, हे कोणाला दिसणार? बाटली तीच, थेंब तसाच, डॉक्टरही तोच.

अंड्यातल्या लसीचे यंत्र आणि माझा कोमट थर्मास यांचा धडा एकच आहे. लस जिवंत असली पाहिजे आणि ती रोगाच्या आधी पोहोचली पाहिजे. उबवणी केंद्रे दोन-तीन दिवस आधी पोहोचण्यासाठी एवढे मोठे यंत्र बसवतात. आपण मात्र शेजारच्या वाडीत कोंबड्या मरू लागल्यावर दवाखान्यात धाव घेतो.

आपल्या अंगणातला खरा शत्रू

परसातल्या कोंबडीला मरेक्सपेक्षा मानमोडीचे भय अधिक. हा रोग १९२६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ आणि जावा बेटावर नोंदला गेला. पुढच्याच सुमारास आपल्या कुमाऊँमधील राणीखेत येथे तो आढळला आणि भारतात त्याला तेच नाव पडले. त्यावरची लस राणीखेतपासून फार दूर नसलेल्या मुक्तेश्वर येथे १९४० च्या दशकात तयार झाली. ती लस तयार करणारी संस्था मुळात आपल्या पुण्यात १८८९ साली सुरू झाली होती आणि १८९३ साली मुक्तेश्वरला गेली. आजही आपल्या राज्यात पुण्यातील औंध येथील पशुजैव पदार्थ निर्मिती संस्थेत मानमोडीच्या लसी तयार होतात.

मानमोडीची नेहमीची लस अंड्यात देता येत नाही. तिच्यातला जिवंत विषाणू जन्मल्या पिल्लाला सोसतो, पण अंड्यातल्या पिल्लाला सोसत नाही. आता टर्कीच्या त्याच विषाणूवर मानमोडीचा अंश बसवून केलेल्या नव्या लसी आल्या आहेत, त्या अंड्यातही देता येतात. पण त्याही मोठ्या उबवणी केंद्रांसाठीच आहेत.

घरच्या पिल्लाला पहिले काही दिवस राखते ती त्याची आई. कोंबडीच्या अंगातली प्रतिद्रव्ये अंड्याच्या बलकात उतरतात, आणि बलक शेवटी पिल्लाच्या पोटात ओढला जातो. हे क्लेम्पेरर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९३ सालीच दाखवले होते. आपल्याकडे गरोदर बाईला धनुर्वाताचे इंजेक्शन देतात ते याच तत्त्वावर. आईला दिलेली राखण बाळाला मिळते. म्हणून जिच्याखाली अंडी ठेवायची तिच्यापेक्षा जिची अंडी ठेवायची, ती कोंबडी लस घेतलेली असावी. आईकडून मिळालेली ही शिदोरी दोन-तीन आठवड्यांत संपते. तेवढ्यात आपण पिल्लाला त्याची स्वतःची राखण मिळवून द्यायची.

त्याचे वेळापत्रक सर्वसाधारणपणे असे असते. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की मानमोडीच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची लस. हा रोग वर सांगितलेल्या बर्सावरच घाला घालतो. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची लस पंखात. आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी लस इंजेक्शनने. ही शेवटची लस जोरकस असते, ती लहान पिल्लांना कधीही देऊ नये. पुढची लस केव्हा, हे आपल्या पशुवैद्यकांना विचारावे.

वाडीने एकत्र

अडचण येते ती बाटलीची. लसीची एक बाटली शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते. एका घरी कोंबड्या दहा-पंधरा. बाटली फोडली की तास-दोन तासांत संपवायची, उरलेली उद्या चालत नाही. म्हणून हे काम एकट्या घराचे नाही, वाडीचे आहे. बचत गटाने एक दिवस ठरवावा. पहाटे खुराडी उघडण्याआधी सगळ्यांनी कोंबड्या कोंडून ठेवाव्यात. एकाने दवाखान्यातून बर्फात लस आणावी आणि घरोघर फिरून तासाभरात काम आटपावे. घर चुकवू नये. एका घरच्या कोंबड्या राहिल्या तर रोगाला वाडीत शिरायला दार मिळते.

लस आणताना थर्मासात बर्फ भरपूर असावा. पोहोचल्यावर झाकण उघडून आधी बर्फ पाहावा. बर्फाचे पाणी झाले असेल आणि ते गार नसेल तर लस टाकून द्यावी, लाजू नये. लस उन्हात फोडू नये. ज्या कोंबड्या आधीच मलूल आहेत त्यांना लस देऊ नये. पाण्यातून लस द्यायची असेल तर नळाचे किंवा टीसीएल पावडर टाकलेल्या विहिरीचे पाणी वापरू नये, त्याने लस मरते. स्वच्छ, औषध न टाकलेले पाणी घ्यावे आणि लीटरमागे पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळावी. थेंब घालणाऱ्याने काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, तोवर डोळ्यांना लावू नयेत. या लसीचा थेंब माणसाच्या डोळ्यात उडाला तर डोळा काही दिवस लाल होतो, पाणी येते आणि बहुधा आपोआप बरे होते. तरीही लगेच स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

आईच्या प्रश्नाचे उत्तर

लस टोचलेली अंडी बाजारात येत नाहीत. ज्या अंड्याला लस देतात त्यात अठरा दिवसांचे पिल्लू असते. ते अंडे खायचे नसतेच, त्यातून तीन दिवसांनी पिल्लूच निघते. दुकानात मिळणारी अंडी कोंबड्याशिवाय ठेवलेल्या कोंबड्यांची असतात, त्यांतून पिल्लू निघू शकत नाही.

अंड्यात लस घेतलेले ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांनी बाजारात येतात. मरेक्सचा विषाणू असो वा टर्कीचा, तो माणसाला बाधत नाही. ब्रॉयलर झपाट्याने वाढतात ते वंशनिवड आणि खाद्य यांमुळे, लसीमुळे नव्हे. घरच्या कोंबड्यांना लस दिल्यावर मात्र वेष्टनावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत त्या कापू नयेत.

प्रतिजैविकांची गोष्ट वेगळी आहे. लस रोगाला येऊ देत नाही, प्रतिजैविक रोग आल्यावर देतात, आणि ते विषाणूवर चालतही नाही. तरीसुद्धा लोक मानमोडीत माणसांच्या गोळ्या कुटून कोंबड्यांना घालतात. अशा वापराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि शेवटी ते आपल्याच मुलाबाळांच्या आजारात नडते. याच काळजीपोटी केंद्र सरकारने २०१९ साली खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टीन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली. लसीने जो रोग टळतो, त्याच्या नावाने औषधे वापरावी लागत नाहीत. लस घेतलेल्या कोंबडीचे भय बाळगण्याऐवजी हा फायदा ध्यानात घ्यावा.

एक पथ्य मात्र सर्वांनी पाळावे. आजारी किंवा मेलेली कोंबडी खाऊ नये, विकू नये, पऱ्यात टाकू नये. खोल खड्डा काढून, चुना टाकून पुरावी. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर ती मानमोडीच असेल असे धरून चालू नये. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, आणि २०२१ च्या जानेवारीत आपल्या दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला होता. तो माणसालाही होऊ शकतो. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नये आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

आपल्याकडे बाळ जन्मले की चोवीस तासांच्या आत कावीळ ‘ब’ची लस देतात, पोलिओचे थेंब आणि बीसीजीही जन्मताच देतात. त्या वेळी बाळ ठणठणीत असते, म्हणूनच देतात. पिल्लाचेही तेच आहे. लांज्याच्या वाचकाने अंडी ठेवली त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकविसावा दिवस लिहून ठेवलाच असेल. पिल्ले निघाली की तिथून पुढच्या सातव्या दिवसावरही एक खूण करावी, आणि त्या दिवशी शेजारच्या घरांनाही बोलवावे.